दुसऱ्या परीक्षकाची सही

माणसं नापास करणं हा माझा धंदा. नोकरी म्हणा हवं तर. गेली एकोणतीस वर्षं मी गाडी चालवायची परीक्षा घेतो आणि या गावात स्टिअरिंगला हात लावणाऱ्या निम्म्याअधिक लोकांना मी एकदा तरी रडवलेलं आहे. न्हावी माझी दाढी करताना चकार शब्द बोलत नाही, कारण त्याच्या मुलाला मी चारदा घरी पाठवलंय. त्याचं मला काही वाटत नाही. आरशात न बघता वळणाऱ्या माणसाबद्दल मला दयामाया नाही, मग तो न्हाव्याचा मुलगा असो की न्यायाधीश.

तर गेल्या दोन वर्षांत आमच्या परीक्षेचा मार्ग हळूहळू बदलत गेला. परीक्षा चाळीस मिनिटांची. त्यात चढ, चौक, रिव्हर्स आणि दोन गाड्यांच्या मधे गाडी लावणं एवढं झालं पाहिजे. रस्ता कुठला घ्यायचा ते परीक्षकाने ठरवायचं. मी ठरवत गेलो. आधी बसस्टँडवरून जायला लागलो, मग पोहण्याच्या तलावाला वळसा घालून, मग पेट्रोल पंप, मग वाचनालयाची गल्ली. असं करता करता एके दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने शिकाऊ लोकांसाठी माझ्या मार्गाचा नकाशा छापला. त्यात मार्गावरच्या सातही मुताऱ्या लाल ठिपक्यांनी दाखवल्या होत्या.

"इथे थांबा" असं मी म्हणायच्या आत पोरं गाडी लावून मोकळी व्हायची. हँडब्रेक ओढलेला, माझ्या बाजूचं दार नेमकं मुतारीच्या दारासमोर. या गावातले लोक चौकात कशी गाडी चालवतात ते विचारू नका, पण मुतारीसमोर गाडी लावण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. मी आत जायचो आणि भिंतीकडे बघत वाट पाहत उभा राहायचो. दोनचार थेंब यायचे. संपलं म्हणून परत येऊन पट्टा लावावा, तर पुन्हा लागल्यासारखी वाटायची. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. चाळीस मिनिटांतली अकरा मी भिंती बघण्यात घालवत होतो.

घरी मी सांगितलं होतं की हल्ली पाणी फार पितो. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या परीक्षेच्या गाडीच्या खणात ठेवल्या होत्या. परीक्षेला बसणाऱ्यांना वाटायचं, त्या मन शांत राहण्याच्या आहेत. एकदोघांनी मागितल्याही.

मंगळवारी डॉक्टरने सांगितलं, आता गोळ्यांचं काम संपलं. डॉक्टर तरुण होता. त्याला मी दोनदा नापास केलं होतं आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात होतं.

"प्रोस्टेटची ग्रंथी फार वाढलीय," तो म्हणाला. "आतून खरवडून वाट मोकळी करावी लागेल. नाही केलं, तर एक दिवस लघवी पूर्ण अडकेल आणि तुम्ही कळवळत नळी घालून घ्यायला याल."

"मग करून टाका," मी म्हणालो.

"थांबा. आधी परिणाम ऐकून घ्या." त्याने कागदावर एक चित्र काढलं. चित्र वाईट होतं. "या ऑपरेशननंतर दहातल्या सात-आठ जणांचं वीर्य बाहेर येत नाही. ते मागे मूत्राशयात जातं."

"म्हणजे रिव्हर्स?"

"रिव्हर्स. नंतर लघवीतून निघून जातं, अपाय काही नाही. आनंद बहुतेकांना पहिल्यासारखाच होतो, काहींना थोडा वेगळा वाटतो. फक्त सगळं कोरडं. आणि दहात एखाद्याला ताठरतेचीही अडचण येते. ती ऑपरेशनमुळे की वयामुळे, हे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. अजून मूल हवंय का तुम्हाला?"

"एक मुलगी आहे. सत्तावीस वर्षांची. अजून पुरतेय."

"हे सगळं टाळणारं एक छोटं ऑपरेशनही असतं. पण तुमच्या ग्रंथीच्या आकाराला ते पुरं पडणार नाही." त्याने पेनाचं टोपण लावलं. "घरी बोलून घ्या आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा. नाहीतर पुढचा नंबर दोन महिन्यांनी."

घरी बोलून घ्या! त्याला काय जातंय सांगायला.

माझी बायको चष्म्यांचं दुकान चालवते. दुकान खाली, घर वर. दिवसभर ती लोकांचे डोळे तपासते, मी त्यांची गाडी तपासतो, आणि संध्याकाळी जेवताना आम्ही एकमेकांना आपापली गिऱ्हाइकं सांगतो. बोलण्यात आम्ही कमी नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर आमच्याकडे पाऊण तास चर्चा होते. पण एका विषयावर आम्ही एकतीस वर्षांत एक शब्द बोललेलो नाही. बोलायची गरजच पडली नाही, कारण आमची एक खूण होती.

आम्ही दोघंही जाड भिंगांचे धनी. माझा नंबर सात, तिचा साडेआठ. रविवारी दुपारी दुकान बंद असतं. जेवण झालं की मी चष्मा काढून माझ्या घरात ठेवतो, म्हणजे चष्म्याच्या घरात, आणि आडवा होतो. ज्या रविवारी तिच्या मनात असेल, त्या रविवारी ती तिचाही चष्मा काढून माझ्याच घरात ठेवते. माझ्या मनात असलं तर मी घर उघडंच ठेवतो. कधी आणि कसं सुरू झालं ते आता आठवत नाही. दोन चष्मे त्या घरात नीट मावत नाहीत. झाकण दाबून बसवावं लागतं आणि त्याचा टक्कन आवाज येतो. मग आम्ही दोघंही ठार आंधळे, हातभर अंतरापलीकडे सगळं धुकं. मला वाटतं, म्हणूनच जमलं आमचं. तोंडाने बोलायचं असतं तर ती मुलगी झालीच नसती.

गेले चार महिने त्या घरात एकच चष्मा होता. माझा. मी घर उघडं ठेवत होतो आणि संध्याकाळी उठून तसंच मिटत होतो.

आता खरं सांगतो. मला ऑपरेशनची भीती नव्हती. ओलं की कोरडं, यानेही माझी झोप उडालेली नव्हती. मी विचारलं असतं आणि ती म्हणाली असती, "मला काय फरक पडतोय, करून टाका," तर? चार महिने अर्ध्याच भरलेल्या त्या चष्म्याच्या घरावरून मला तिचं उत्तर दिसतच होतं, आणि ते कानांनी ऐकायची माझी छाती नव्हती. ऑपरेशन न करता आयुष्यभर भिंतींकडे बघत उभं राहणं मला त्यापेक्षा सोपं वाटत होतं.

बुधवारी दोन परीक्षांच्या मधे अर्धा तास मोकळा होता. गाडी तलावाच्या मुतारीसमोर उभी होती. मी म्हटलं, डोक्यात नुसता गुंता झालाय, तर कागदावर मांडून बघू. कागद म्हणजे माझ्याकडे एकच, परीक्षेचा फॉर्म. मला दुसऱ्या कशावर विचारच करता येत नाही. मी लिहिलं:

विषय: प्रोस्टेटचं ऑपरेशन करावं की नाही.
उमेदवार: मी स्वतः. वय सत्तावन्न.
गाडी सुरू करणे: दहात एखाद्याला अडचण. गंभीर चूक.
रिव्हर्स: दहात सात-आठ जणांना, कायमचं. किरकोळ की गंभीर, ठरवता येत नाही.
इंडिकेटर: चार महिन्यांत एकदाही दिला गेलेला नाही.
शेजारी बसणाऱ्याचं मत: विचारलेलं नाही.
शेरा: शेजारी बसणाऱ्याला फरक पडत नसेल, तर गाडी दुरुस्त करून जायचं कुठे?

लिहून झाल्यावर जरा बरं वाटलं. फाडून टाकणार, एवढ्यात पुढची उमेदवार काचेवर टकटक करायला लागली. मी कुठे सापडतो ते आता गावाला पाठ होतं.

तिला ऑफिसात सगळे आजी म्हणतात. वय एकाहत्तर, परीक्षेची नववी खेप. नवरा गेल्यावर त्याची गाडी पडून राहू नये म्हणून ती शिकायला लागली आणि आठ वेळा मी तिला नापास केलं. नवव्यांदाही तिने चौकात दोन्ही हात सोडून नाक पुसलं. मी पॅडवरचा माझा फॉर्म उलटून खालच्या फॉर्मवर तिचा निकाल भरला, पॅड मिटलं आणि नेहमीप्रमाणे वरची पिवळी प्रत फाडून, चार घड्या घालून तिच्या हातात दिली. आमचे फॉर्म तीन प्रतींचे असतात. पांढरी ऑफिसची, पिवळी उमेदवाराची, गुलाबी परीक्षकाची. निकालाची घडी गाडीत उघडायची नाही, असा माझा कडक नियम आहे. लोक गाडीतच रडतात नाहीतर भांडतात. आजी बिचारी घडी पर्समध्ये टाकून गेली. वरची प्रत तिची नव्हती, माझी होती.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसात पाय टाकला तर आजी काउंटरपाशी उभी. तिने पिवळा कागद काउंटरवर पसरला होता आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन पुन्हा वाचत होती.

"साहेब," ती म्हणाली, "नापास करायचं तर करा, माझं काही म्हणणं नाही. पण मला प्रोस्टेट नाही. बायकांना नसतो तो. मी शेजारच्या नर्सला विचारून आलेय."

मी तो कागद घाईघाईने खिशात कोंबला. तेवढ्यात आतून नोंदवहीच्या बाई आल्या. या बाईंना मी कधी हसताना पाहिलेलं नाही. त्यांच्या हातात माझीच पांढरी प्रत होती, कारण पांढऱ्या प्रती संध्याकाळी आपोआप त्यांच्या ट्रेमध्ये जातात.

"चार हजार चारशे सतरा," बाई म्हणाल्या. "निकालाचा रकाना रिकामा आहे."

"ती चूक आहे. फाडून टाका."

"क्रमांक टाकलेला फॉर्म फाडता येत नाही."

"मग रद्द करा!"

"रद्द करायला मोठ्या साहेबांची सही लागते." आणि मी हात पुढे करेपर्यंत बाई मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्यासुद्धा. त्यांच्या मागे मी, आणि माझ्या मागे, कोणी बोलावलेलं नसताना, आजी.

मोठ्या साहेबांनी फॉर्म वाचला. वरून खाली एकदा, मग खालून वर. मला वाटलं हसतील. हसले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. पण या माणसाने पंधरा वर्षांत नियमांच्या पुस्तकाबाहेर श्वाससुद्धा घेतलेला नाही. त्यांनी गंभीरपणे खुर्ची पुढे ओढली.

"रिव्हर्स हा गंभीर मुद्दा आहे," ते म्हणाले. "पण दहातल्या सात-आठ जणांना होत असेल, तर ती चूक नाही म्हणता येणार. ती पद्धत झाली."

"साहेब, हा माझा खाजगी कागद आहे."

"आपल्या पॅडवर खाजगी असं काही नसतं. फॉर्म भरला म्हणजे परीक्षा झाली. परीक्षा झाली म्हणजे निकाल लागला पाहिजे. उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, नाहीतर फेरपरीक्षा. काय बाई?"

"नियम चौदा," बाई म्हणाल्या.

"आमच्या ह्यांचं झालं होतं हे ऑपरेशन," आजी मधेच म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती परवानगी न घेता खुर्चीवर बसली. "ह्यांनी मला काही विचारलं नव्हतं. परस्पर ठरवलं, परस्पर करून आले. आणि नंतर मला तोंड चुकवायला लागले. मला वाटलं, माझ्यावर राग धरलाय. सहा वर्षं आम्ही एका घरात पाहुण्यांसारखे राहिलो. मग कळलं की माणसाला नुसती लाज वाटत होती. अहो, मला विचारायचं ना! कोरडं काय नि ओलं काय, चादर तरी कमी धुवायला लागली असती."

नोंदवहीच्या बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी शपथेवर सांगतो, हलला.

मोठ्या साहेबांनी घसा साफ केला आणि पुस्तक उघडलं. "इथे अडचण वेगळीच आहे. उमेदवार आणि परीक्षक एकच आहेत. परीक्षक स्वतःची किंवा नातेवाइकाची परीक्षा घेत असेल, तर दुसऱ्या परीक्षकाची सही लागते. आणि तो दुसरा परीक्षक," त्यांनी ओळीवर बोट ठेवलं, "त्या मार्गाची प्रत्यक्ष माहिती असलेला हवा."

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. आजी माझ्याकडे बघत होती.

"अशी व्यक्ती आहे?" साहेबांनी विचारलं.

"एकच आहे," मी म्हणालो.

"मग उद्या दुपारपर्यंत त्यांची सही आणा. माझ्याकडे फॉर्म पडून राहिलेला चालत नाही."

त्या दिवशी मी चार परीक्षा घेतल्या आणि चौघांनाही पास केलं. माझ्या नोकरीतली एवढी वाईट कामगिरी दुसरी नसेल. चौकात शिट्टी वाजवून पोलिसांनी थांबवलेला एक मुलगाही त्यात होता.

संध्याकाळी घरी न जाता मी सरळ दुकानात गेलो. बायको शटर अर्धं खाली ओढत होती. मी वाकून आत शिरलो आणि फॉर्म तिच्या पुढ्यात ठेवला.

"ऑफिसचं आहे," मी म्हणालो. "सही हवीय."

तिने पहिली ओळ वाचली आणि थांबली. मग पुढे वाचत गेली. मी चष्म्यांच्या रांगेकडे बघत उभा होतो. शंभरेक रिकाम्या फ्रेम्स माझ्याकडे बघत होत्या. 'चार महिन्यांत एकदाही दिला गेलेला नाही' या ओळीपाशी तिचा अंगठा बराच वेळ तसाच राहिला.

"बसा," ती म्हणाली.

दुकानाच्या मागे तिची तपासायची खोली आहे. एक उंच खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता, मधे जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा. मी बसलो. तिने माझा चष्मा काढला आणि ती जड, गोल तपासणीची फ्रेम माझ्या नाकावर ठेवली. तक्त्याचा दिवा लावला आणि खोलीतला मालवला. फ्रेममध्ये भिंगं नव्हती. मला समोर एक उजळ डाग दिसत होता आणि त्याच्या बाजूला ती, म्हणजे एक काळा डाग.

गिऱ्हाइकांना ती कशी विचारते ते मी कित्येकदा ऐकलंय. एक भिंग सरकवायचं, काढायचं, दुसरं सरकवायचं. हे बरं, की हे? माणूस विचार न करता पटकन बोलतो तेच खरं, असं तिचं म्हणणं. 'दोन्ही सारखंच' म्हणणाऱ्यावर ती कधीच विश्वास ठेवत नाही. ते लोक तिला चुकीचं उत्तर द्यायला घाबरत असतात.

"ऑपरेशन केलं," तिने एक भिंग सरकवलं, "हे बरं?" भिंग काढलं, दुसरं घातलं. "की नाही केलं, हे?"

"सारखंच आहे."

"खोटं." तिने पुन्हा बदललं. "हे, की हे?"

"अगं, सारखंच दिसतंय."

"तुम्ही दोन वर्षं भिंती बघत फिरताय, आणि मला सांगता पाणी जास्त पितो. गोळ्या कुठे ठेवल्यात? गाडीत?" तिचा आवाज चढला. "मला बावळट समजता का? हे, की हे?"

"मला भीती वाटते!" मी ओरडलो. ती फ्रेम नाकावरून घसरली. "ऑपरेशनची नाही. तू म्हणशील, मला काय फरक पडतोय. ते ऐकायची भीती वाटते मला. चार महिने मी ते घर उघडं ठेवतोय आणि तू तुझा चष्मा घालून बसतेस. आता मी सगळं बिघडवून घेतलं काय आणि नाही घेतलं काय, तुला कळणारसुद्धा नाही!"

काळा डाग हलला. मला एक बारीक आवाज ऐकू आला. तिने स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. आता आम्ही दोघंही सारखेच.

"चार महिन्यांपूर्वीचा रविवार आठवतोय?" ती म्हणाली. "तुम्ही तीनदा उठून गेलात. तीनदा. पहिल्यांदा गेलात तेव्हा मी म्हटलं, येतील. दुसऱ्यांदा गेलात तेव्हा मी छताकडे बघत पडले होते, म्हणजे छत काही दिसत नव्हतं. तिसऱ्यांदा तुम्ही सात मिनिटं आला नाहीत. मला वाटलं, माणसाला नकोय आता मी, म्हणून निमित्त काढून न्हाणीघरात जाऊन बसतोय. माझं वय झालं, अंग सुटलं. मग मी चष्मा लावला आणि पेपर वाचायला घेतला. तुम्ही परत आलात आणि काय म्हणालात?"

मला आठवलं. मी म्हणालो होतो, "काय विशेष पेपरात?"

"मीही एवढी मूर्ख," ती म्हणाली, "की मी तुम्हाला बातमी वाचून दाखवली."

मी हात पुढे केला. तो आधी तक्त्याला लागला, मग तिच्या खांद्याला. तिचा खांदा थरथरत होता. मला आधी वाटलं, रडतेय. ती हसत होती, आणि रडतही होती. माझंही तेच झालं. सत्तावन्नाव्या वर्षी मी तपासणीची घसरलेली फ्रेम नाकावर घेऊन हुंदके देत होतो आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही.

"फरक पडतो," ती माझ्या कानाशी म्हणाली. "ऐकलंत? फरक पडतो मला. ते काय पुढे जातंय नि मागे जातंय, ते घाला चुलीत. आणि तो दहातला एक तुम्हीच निघालात, तर तेव्हा बघू. इथे बसवून विचारीन, हे बरं की हे. पण मला ते तुमचं उठून जाणं नको. तुम्ही आपले जवळ राहा."

मग तिने दिवा लावला, दोघांचे चष्मे शोधले आणि फॉर्म पुढ्यात ओढला. ती सही करणार म्हणून मी पेन दिलं, तर बाई परीक्षकाच्या थाटात एकेक रकाना तपासायला लागली. रिव्हर्ससमोर तिने लिहिलं, 'किरकोळ'. गाडी सुरू करणे, 'थंडीत वेळ लागतो, पूर्वीपासून'. मी हरकत घेतली, तिने ऐकलं नाही. इंडिकेटर, 'चूक दोघांची'. मग खाली, जिथे रकाना नव्हता तिथे, तिने पट्टी ठेवून रेघ मारली आणि एक नवा रकाना केला. 'मधेच गाडी सोडून जाणे: धोकादायक.' निकालाच्या जागी तिने 'फेरपरीक्षा' असं लिहून कंसात 'ऑपरेशननंतर, डॉक्टर म्हणतील तेव्हा' असं लिहिलं. आणि खाली सही केली.

शुक्रवारी सकाळी मोठ्या साहेबांनी फॉर्म दोनदा वाचला. "असा रकाना आपल्या फॉर्ममध्ये नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण असायला हवा." त्यांनी शिक्का मारला. बाईंनी चार हजार चारशे सतरासमोर नोंद केली. दुपारी मी डॉक्टरला फोन केला. पुढच्या आठवड्यात आजी दहाव्या खेपेलाही नापास झाली. त्याला मात्र माझा इलाज नाही, तिने सिग्नल लाल असताना मला प्रकृतीबद्दल विचारलं आणि उत्तर ऐकेपर्यंत गाडी चौकाच्या मधोमध नेली.

ऑपरेशनच्या सकाळी मला हिरवा झगा घालून ट्रॉलीवर झोपवलं. नर्सने घड्याळ काढून घेतलं, मग चष्मा. बायकोने तिच्या पिशवीतून माझ्या चष्म्याचं घर काढून दिलं. नर्सने चष्मा आत ठेवला आणि झाकण लावायला गेली, तर ते लागेना.

"यात आधीच एक चष्मा आहे," नर्स म्हणाली. "कोणाचा?"

"माझा," बायको म्हणाली. तिचा आवाज माझ्या डावीकडून येत होता. "राहू द्या तसाच."

"अहो, पण मग तुम्हाला दिसणार कसं? तास-दीड तास लागेल."

"मला काही बघायचं नाहीये. दाबून लावा, लागतं ते."

टक्कन आवाज झाला. मी नाक ओढलं आणि नर्सला वाटलं, मी घाबरलोय. ती माझा खांदा थोपटून गेली. मला कोणीतरी ढकलत न्यायला लागलं. लांबलचक कॉरिडॉर होता, बाजूने पांढरे डाग जात होते. आमच्या पुढे आणखी एक ट्रॉली चालली होती. कॉरिडॉरच्या टोकाला, बाकापाशी, एक काळा डाग उभा होता. बाक चाचपत ती आमच्या आधी तिथे पोचली होती. डाग हात हलवत होता. जोरजोरात, अगदी खांद्यापासून हलवत होता. माझ्या पुढच्या ट्रॉलीवरच्या माणसाला.

"काळजी करू नका हं," ती त्याला म्हणत होती, "मी इथेच आहे. कुठेही जात नाही."

तो माणूस गोंधळून "बरं" म्हणाला. मी मान उचलता येईल तेवढी उचलली आणि सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असा ओरडलो, "अगं, तो नाही! मी इकडे, मागच्या गाडीत!"